चाकातलं पाणी

आमच्या घरात कुठलीही वस्तू बंद पडली की आई आधी वस्तूकडे बघायची नाही, माझ्याकडे बघायची. मिक्सर गप्प झाला, वैशीनं उघडला असणार. भिंतीवरचं घड्याळ थांबलं, वैशीनं उघडलं असणार. आणि खोटं कशाला बोलू, बहुतेक वेळा उघडलेलं असायचंच. आत काय चाललंय हे बघितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, आणि एकदा बघितलं की माझा जीव पुढच्या वस्तूत जायचा. "उघडती, पण लावत न्हाई," हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलंय की पाहुण्यांपुढं माझी ओळखसुद्धा तशीच व्हायची. ही थोरली, शाळेत हुशार हाय, पण उघडती आणि लावत न्हाई. पाहुणे हसायचे, मी आत जाऊन भांडी आपटायची. आता सांगलीत माझा स्वतःचा गिअर कापायचा वर्कशॉप आहे, दिवसभर दुसऱ्यांनी उघडून ठेवलेल्या वस्तू मी लावून देते, तरी आई फोनवर अजून विचारते, "आज काय उघडलंस?" आत्मकथन लिहायला माणसाला म्हातारं व्हावं लागतं म्हणतात. मी काही म्हातारी झालेली नाही, पण त्या एका उन्हाळ्याचा माज मला अजून आहे, आणि तो कागदावर उतरवल्याशिवाय जाणार नाही.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या अगदी शेवटाला. ओढ्यावरचा पूल ओलांडला की सांगली जिल्हा लागतो, आणि आमची निम्मी शेती पलीकडे असल्यामुळे आप्पा म्हणायचे, आपण साताऱ्यात उठतो आणि सांगलीत भाकरी खातो. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचा एक ट्रॅक्टर होता, दोन ट्रॉल्या होत्या, आणि हंगामभर ते ऊस कारखान्यावर न्यायचे. त्यांचा ट्रॅक्टर पुलावर आला की टेपवरच्या गाण्यानं कळायचं, आणि आई तव्यावर भाकरी टाकायची. ती भाजून होईस्तोवर ते अंगणात पोचलेले असायचे. आई लोणंदकडची, कोरडवाहू भागातली. आमच्याकडं चारी बाजूंनी ऊस आणि पाण्याचे पाट, पण तिच्या चुलीवर हुलग्याचं माडगं आणि बाजरीची भाकरीच जास्त. आप्पा चेष्टा करायचे, "एवढं पानी हाय गावात, पर आमच्या ताटात दुष्काळच." आई म्हणायची, "त्याच दुष्काळावर अंग धरलंय तुमी." आणि मग ताटात आणखी एक पळी माडगं पडायचं.

आप्पांना गावात मान होता तो रिव्हर्समुळे. आमच्या भागात यात्रेला ट्रॅक्टर रिव्हर्सची स्पर्धा असते. मैदानात चुन्याच्या फक्कीनं दोन रेघा आखतात आणि ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर त्या रेघांच्या मधून उलटा न्यायचा. चाक रेघेला लागलं की बाद. पुढं जाणारी माणसं गल्लोगल्ली आहेत, पण भरलेली ट्रॉली उलटी नेणं हे काम वेगळं. आप्पा ते असे करायचे की बघणाऱ्याला वाटावं ट्रॉलीला मागं डोळे आहेत. माझ्या चाकाखाली कधी कोंबडी आली नाही, असं ते म्हणायचे, आणि ते खरंही होतं, नानांचा ट्रक येईपर्यंत.

नाना म्हणजे माझे धाकटे चुलते, फौजेत होते. त्यांची तुकडी परदेशात शांतिसेनेत गेली होती, तिथून येताना त्यांनी पोरासाठी, म्हणजे माझ्या चुलतभावासाठी, विक्यासाठी एक रिमोटवर चालणारा ट्रक आणला. आपल्या जत्रेत मिळतो तसला नव्हे. हातभर लांब, चाकं तांब्याएवढी, प्रत्येक चाकाला स्प्रिंगचा शॉकअप, आणि पळायला लागला की कुत्री मागं लागायची पण गाठायची नाहीत. तिकडं त्याला मॉन्स्टर ट्रक म्हणतात. विक्यानं तो महिनाभर असा मिरवला की मला बघवेना. मला तो चालवायचा नव्हताच, मला त्याचा खालचा पत्रा काढून बघायचा होता. विक्या हातसुद्धा लावू द्यायचा नाही. "तू उघडशील," म्हणायचा.

हंगामाच्या शेवटाला एका दुपारी आप्पा भरलेली ट्रॉली अंगणात मागं घेत होते. विक्यानं ट्रक गोठ्याच्या आडून सोडला, आणि तो सरळ ट्रॉलीच्या मागल्या चाकाखाली गेला. कडकड आवाज झाला. आप्पा खाली उतरले, वाकून बघितलं आणि टोपी काढून कपाळ पुसलं. विक्या रडायला लागला तर त्याची समजूत घालायची सोडून ते नुसते चाकाकडं बघत राहिले. एवढ्या वर्षांत रिव्हर्सला पहिल्यांदा त्यांच्या चाकाखाली काही आलं होतं. ट्रकाची वरची बॉडी पापडासारखी झाली होती, पुढचं डावं चाक तुटून लोंबत होतं, बॅटरी फुटली होती, चासीला तडा गेला होता. चुलतीनं ते सगळं घमेल्यात भरून भंगारवाल्यासाठी परड्यात ठेवलं. मी ते घमेलं तसंच उचलून आमच्या घरावरच्या माळवदावर नेलं. विक्यानं बघितलं, पण रडून रडून इतका दमला होता की आडवा आला नाही.

इकडं खाली माझ्या आयुष्याचं वेगळंच ठरत होतं. माझी दहावीची परीक्षा झाली होती. मंगलआत्या, म्हणजे आप्पांची धाकटी बहीण, मिरजेत एका दवाखान्यात नर्स होती. तिनं माझ्यासाठी नर्सिंगची एक जागा बघून ठेवली होती. यात्रेला ती येणार, आणि जाताना मला घेऊन जाणार. आत्या मायाळू होती, हे मला आधीच सांगायला पाहिजे. तिला मनापासून वाटत होतं की पोरीच्या हाताला लवकर काम लागावं. पण मला सांगलीत विश्रामबागला डिप्लोमा करायचा होता, मेकॅनिकल. शाळेत एका सरांनी सांगितलं होतं की तिथं लेथ मशिनवर विद्यार्थ्यांना स्वतःच्या हातानं काम करू देतात, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं. जेवताना मी ते बोलले. आई म्हणाली, "मशिनवर पोरगी?" आप्पांनी घास चावून संपवला आणि म्हणाले, "पोरगी हाय म्हणून न्हाई म्हणत मी. पर तू एक तरी वस्तू पुरी लावलीस का आजपातूर? घड्याळ तिकडं निम्मं पडलंय. मशिन शिकायचं म्हंजे नुसतं उघडायचं नसतंय." मी म्हणाले, "मग लावून दाखवते." "काय?" "नानांचा ट्रक." आप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्याच चाकाखाली गेलेली वस्तू होती. "यात्रेपातूर लाव," ते म्हणाले. "चालला पायजे, आन् काम केलं पायजे. नुसता शोभेला नको. मग मंगलला मी सांगतो. न्हाई झालं, तर तिच्यासंगं मिरजेला जायचं, आन् तोंड वाकडं करायचं न्हाई." मी हो म्हणाले. त्या दिवशी वाटीतलं माडगं मला गोड लागलं.

माळवदावर दुपारी तवा तापावा तसं व्हायचं, तरी मी तिथंच बसायची. पहिल्यांदा सगळं उघडलं. ते मला येतच होतं. पण या वेळी प्रत्येक स्क्रू काढला की बांगड्यांच्या रिकाम्या डब्यात त्याच्या जागेप्रमाणे ठेवायची. चाक धरणारे पुढचे दोन प्लास्टिकचे हात मोडले होते. ते मी खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीतून कापले, कानशीनं घासून घासून आकारात आणले. त्यांच्यातून आरपार जाणारी तार वाकली होती, तिच्या जागी सायकलचा स्पोक बसला, जणू त्यासाठीच केला होता. शॉकअपमधलं तेल गळालं होतं. आईच्या शिलाई मशिनचं तेल घालून बघितलं, ते फार पातळ, ट्रक पाळण्यासारखा हलायचा. मग आप्पांच्या ट्रॅक्टरचं हायड्रॉलिकचं तेल घातलं आणि चाकं अशी मऊ बसायला लागली की मी ती उगाचच दाबत बसायची. चासीच्या तड्यावर दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या पट्ट्या लावून रिव्हेट मारले. आई जिन्यावरून डोकं वर काढून बघायची आणि म्हणायची, "झालं का?" मी म्हणायची, "हुईल." ती म्हणायची, "हुईल म्हणत म्हणत मिक्सर गेला आमचा."

स्टेअरिंग फिरवणारी छोटी मोटर गेली होती आणि बॅटरी फुटली होती. ते गावात मिळण्यासारखं नव्हतं. एसटीनं सांगलीला गेले, विश्रामबागला कॉलेजच्या पोरांच्या रोबोटचं सामान विकणारं एक दुकान सापडलं. काउंटरवरचा म्हणाला, "भावासाठी का?" मी म्हणाले, "न्हाई, ट्रकासाठी." तिथून मिरजेला आत्याकडं मुक्कामाला गेले. आत्याच्या गल्लीत सतार-तंबोरे करणाऱ्यांची घरं, दिवसभर कानस, रंधा आणि मधेच एखादी तार लागल्याचा आवाज. मला ट्रकासाठी बॉडी पाहिजे होती. हलकी पाहिजे आणि आपटली तरी फुटू नये. शेजारच्या दारात तंबोऱ्याच्या भोपळ्याचा एक तुकडा पडला होता, तडा गेला म्हणून टाकलेला. टिचकी मारून बघितली, कासवाच्या पाठीसारखा घट्ट आणि वजनाला कागदासारखा. मागितला तर त्या घरातल्या काकूंनी हसून देऊन टाकला, वर लाखेचं थोडं पॉलिशही दिलं. आत्यानं मला तो तुकडा रंगवताना बघितलं आणि म्हणाली, "हाडं जोडायला शीक गं, वैशे. लोखंड जोडून काय मिळणार? माणूस बरं झालं की आशीर्वाद तरी देतंय." मी म्हणाले, "आत्या, ट्रक बरा झाला की पळतोय." ती हसली, पण तिनं जागेचं बोलणं काही सोडलं नाही.

पिवळट, चकचकीत भोपळ्याची पाठ घेतलेला ट्रक अंगणात ठेवला आणि मी रिमोटची कळ दाबली. चालला, वळला, मागं आला. विक्या धावत आला आणि म्हणाला, "हे काय घातलंस वर?" पण त्याचे डोळे चाकांवर होते. आप्पा गोठ्याकडून बघत होते. जवळ आले, ट्रकाला पायानं हळूच ढकललं आणि म्हणाले, "चालतोय. पर काम काय करतोय?" त्यांनी स्वतः तेलाच्या पत्र्याच्या डब्याची छोटी ट्रॉली केली होती, हे मला तेव्हाच कळलं. खाली बेअरिंगची चाकं, पुढं खऱ्यासारखा हूक. उसाच्या बेण्याच्या कांड्या तोडून तिच्यात भरल्या आणि ट्रॉली ट्रकाला जोडली. मी कळ दाबली. मागली चाकं जागच्या जागी भिरभिरली, पुढची चाकं वर उठली, माती उडाली, ट्रॉली हलली नाही.

आता इथं जे झालं ते आमच्याच घरात होऊ शकतं. उसाच्या ट्रॉलीला ट्रॅक्टर जोडला की असंच होतं. ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि चाकं घसरतात. त्यावर आमच्याकडचा उपाय ठरलेला आहे. ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये हवेबरोबर पाणी भरायचं. वजन वाढतं, चाक जमिनीला धरतं. आप्पा गुडघ्यावर हात टेकून म्हणाले, "चाकात पानी भर." मी म्हणाले, "आप्पा, ह्या चाकात स्पंज असतोय." "मग स्पंज पानी धरंल की अजून," ते म्हणाले, आणि ते इतक्या खात्रीनं म्हणाले की माझंही डोकं त्यांच्याच बाजूला गेलं. पत्रा लागून माझ्या पायाला झालेली जखम धुवायला मिरजेहून येताना आत्यानं दिलेल्या सामानात एक सिरिंज होती. चाकाच्या रिंगला बारीक भोक असतं, त्यातून मी सिरिंजनं चारी चाकांत पाणी भरलं आणि भोकावर ट्यूबचा तुकडा सोल्युशननं चिकटवला. आप्पा शेजारी उकिडवे बसून एकेक चाक कानाशी नेऊन हलवून बघत होते. आत पाणी डुचमळायचं. "आता कुठं ट्रॅक्टर झाला," ते म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडावर असं खट्याळ हसू होतं.

त्याच आठवड्यात नाना सुट्टीवर आले, आत्याही यात्रेसाठी लवकर आली. सगळे अंगणात बसले होते, आईनं कांदाभजी तळली होती. आप्पांनी ट्रॉलीत कांड्या अगदी शिगोशीग भरल्या आणि म्हणाले, "दाखव." मी कळ दाबली. चाकांनी माती धरली, तोंड उचललं नाही, ट्रॉली हलली. नाना म्हणाले, "शाब्बास!" आणि त्यांचं तोंड मिटायच्या आत ट्रकाच्या पोटातून कर्रर्र आवाज आला. भाजलेल्या प्लास्टिकचा वास सुटला आणि ट्रक उभा राहिला. मोटर फिरत होती, चाकं नाही. मी खालचा पत्रा काढला. मोटरच्या जोरानं फिरणारं मोठं दातेरी चाक एका बाजूनं सपाट झालं होतं, दाते खरवडून गेलेले. चुलती म्हणाली, "उघडलं, लावलं न्हाई." सगळे हसले, वाईट हेतूनं नाही, सवयीनं. आत्या माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "जाऊ दे गं, मिरजेला चल माझ्यासंगं, तिथं तुझं डोकं चालंल." आप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी भज्यांची ताटली खाली ठेवली आणि गोठ्यात गेले. पाणी भरायला कुणी सांगितलं होतं, हे त्या अंगणात फक्त आम्हा दोघांनाच माहीत होतं. मी ते कुणालाही सांगितलं नाही. राग होता, पण तेवढा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते, तर आप्पांनी मोटारसायकलला किक मारली आणि म्हणाले, "चल. त्ये गेलेलं चाक घे संगं, आन् मोटर बी." कृष्णेचा पूल, मग सांगलीचा रस्ता, दोन्ही बाजूंना तोडून झालेल्या उसाचं पाचट. विश्रामबागला ते कुणीतरी सांगितलेल्या एका झेरॉक्स मशिन दुरुस्त करणाऱ्याकडं गेले. मागच्या खोलीत जुन्या मशिनी उघडून ठेवल्या होत्या आणि खोक्यात भंगारातली दातेरी चाकं, पांढरी, काळी, नायलॉनची, लहान-मोठी. आप्पांनी धोतराचा सोगा सावरला आणि जमिनीवर मांडी घालून बसले. मी एकेक चाक मोटरवरच्या लहान चाकाशी लावून बघायची, दाते दात्यांत बसतात का. आप्पा मोठमोठी चाकं वेगळी काढत होते. मी म्हणाले, "आप्पा, एवढं मोठं नको, स्पीड कमी हुईल." त्यांनी हातातलं चाक माझ्यापुढं धरलं. "उसाची ट्रॉली कुणी चौथ्या गिअरात उचलतंय का? ह्यो तुझा ट्रक कायम चौथ्यात हाय. आपुन पानी भरलं आन् गिअर टाकलाच न्हाई. म्हणून दात पडलं त्याचं."

मी निवडलेली चाकं खोक्यात परत टाकली. कारण तेच उत्तर होतं. मोटरवरचं चाक लहान घ्यायचं आणि पुढचं मोठं, म्हणजे ट्रक सावकाश पण जोरानं जाईल. हे मी विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत त्यावर मार्कही मिळवले होते, आणि तरी माळवदावर बसून मला सुचलं नव्हतं. आप्पांना ट्रॅक्टर ठाऊक होता पण त्या ट्रकाच्या पोटात कुठलं चाक कुठं बसतं ते ठाऊक नव्हतं. दुकानात बसून आम्ही दोघांनी मिळून ते एक चाक शोधलं. मधल्या भोकाचा आकार जमत नव्हता, तर मी तिथंच त्या माणसाकडून ड्रिल मागून घेतलं आणि स्वतः भोक पाडलं. आप्पा शेजारी उभे राहून माझ्या हाताकडं बघत होते. ड्रिलचा आवाज थांबल्यावर म्हणाले, "हात हलत न्हाई तुझा." एवढंच. येताना त्यांनी मला उसाचा रस पाजला, आणि आमच्या घरात स्वतःचा ऊस असताना विकतचा रस पिणं म्हणजे काय चीज आहे, ते ऊसवाल्यालाच कळेल.

घरी येऊन चाक बसवलं. विक्या म्हणाला, "आधी ते पानी काढ चाकातलं." त्याचं ऐकून मी पाणी काढलंसुद्धा. ट्रॉली जोडली, कळ दाबली. ट्रक सावकाश, बैलासारखा ओढायला लागला, पण दोन हात जाऊन चाकं पुन्हा मातीत घसरायला लागली. मग मी सिरिंज आणली आणि चारी चाकांत परत पाणी भरलं. या वेळी कांड्यांची भरलेली ट्रॉली त्यानं अंगणातून उचलली, उंबऱ्याच्या चढावरनं नेली आणि मागंही घेतली. मी मोठ्यानं म्हणाले, गोठ्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं, "पान्याशिवाय चालत न्हाई, विक्या!" गोठ्यात वैरण टाकताना आप्पा शीळ घालत होते.

यात्रेचा दिवस. मैदानात ट्रॅक्टर रिव्हर्सची स्पर्धा सुरू होती, लाऊडस्पीकरवर पुकारणारा एकेका गाडीचं नाव घेऊन टिंगल करत होता. धुळीत भेळ, उसाचा रस आणि डिझेल असे सगळे वास मिसळलेले. आप्पांनी त्यांची फेरी अशी नेली की दोन्ही रेघा जशा आखल्या तशा राहिल्या. उतरले आणि थेट पुकारणाऱ्याकडं गेले. तो माईकवर म्हणाला, "रेघा परत मारायला येळ हाय मंडळी, तोवर मैदानात येतोय एक लहान ट्रॅक्टर. डायव्हर हाय वैशाली. बघूया पोरगीला रिव्हर्स येतंय का." आप्पांनी मला न विचारता नाव दिलं होतं. विक्यानं फक्कीनं लहान रेघा मारून दिल्या, ट्रकाच्या मापाच्या. आत्या, नाना, आई, सगळे कडेला उभे. मैदानाची माती नुकतीच नांगरल्यासारखी भुसभुशीत झाली होती, आणि ट्रॉली कांड्यांनी भरलेली. आत्याची बॅग आमच्या घरात भरून ठेवलेली होती, आणि तिच्या शेजारी माझीही.

मी कळ मागं ओढली. ट्रक हलला, चाकांतलं पाणी डुचमळल्याचा आवाज मला एवढ्या गोंगाटातही ऐकू आला असं वाटलं. ट्रॉली सरळ मागं निघाली. मग निम्म्यात ती डावीकडं तिरकी व्हायला लागली. मी ट्रकाच्या तोंडाकडं बघून फिरवलं, आणि ती जास्तच तिरकी झाली, मागचं चाक रेघेच्या बोटभर जवळ आलं. लोक "गेली, गेली" म्हणायला लागले. मिरज डोळ्यांपुढं आली, ती गल्ली, ती तार लागल्याचा आवाज. आणि कडेनं आप्पांचा आवाज आला, एकदम साधा, जेवताना मीठ मागावं तसा. "ट्रॅक्टर इसर, वैशे. मागल्या चाकाकडं बघ." मी ट्रकाकडं बघायचं सोडलं. ट्रॉलीच्या मागल्या छोट्या बेअरिंगकडं बघितलं आणि हात आपोआप उलटा फिरला. बेअरिंग रेघेपासून आत आलं. सावकाश, लो गिअरात, भुसभुशीत मातीवर न घसरता माझी ट्रॉली शेवटच्या रेघेपर्यंत गेली आणि थांबली. फक्कीच्या दोन्ही रेघा जशा विक्यानं मारल्या तशा होत्या.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या वाजवल्या, पुकारणारा काहीतरी म्हणाला, ते मी ऐकलं नाही. मी आप्पांकडं बघत होते. ते आत्याकडं गेले. मी जवळ पोचले तेव्हा त्यांचं बोलणं झालं होतं, पण शेवट ऐकला. "मंगल, ती जागा दुसऱ्या कुणाच्या तरी पोरीला दे. आमची उघडती ते लावती बी." आत्यानं माझ्याकडं बघितलं, पदरानं माझ्या तोंडावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "मग माझी सिरिंज तरी परत दे की गं." आई हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मी, जिला आजपर्यंत कुणी लावलेल्या वस्तूबद्दल शाबासकी दिली नव्हती, त्या मैदानात ट्रक काखोटीला मारून एवढी ताठ चालले की दुसऱ्या दिवशी मान दुखत होती. याचा मला अजून अभिमान आहे, आणि तो लपवायचा माझा काही विचार नाही.

सिरिंज मी परत दिली नाही. ती माझ्या वर्कशॉपच्या खणात आहे, आणि ट्रक फळीवर आहे, भोपळ्याच्या पाठीचं पॉलिश थोडं उतरलंय. आप्पा आता ट्रॅक्टर चालवत नाहीत, विक्या चालवतो. पण सांगलीला आले की माझ्या मोठ्या मशिनींकडं बघायच्या आधी ते फळीवरचा ट्रक उचलतात, कानाशी नेतात आणि हलवतात. रबर जुनं झालंय, त्यात पाणी टिकत नाही, आठ-पंधरा दिवसांत चाक कोरडं होतं. म्हणून ते येणार असा फोन आला की मी सिरिंज काढते आणि चारी चाकं भरते. ज्या माणसाला ट्रॅक्टरचं चाक नुसतं बघून आतलं पाणी कळतं, त्याला हे कळत नसेल असं मला वाटत नाही. ते हलवतात, डुचमळतं, आणि ते म्हणतात, "हाय की गं अजून." मी हातातलं काम न सोडता म्हणते, "मग? लावलंय कुणी?"